बोटं मोजणारा अँप

बसा राव, बसा. तो स्टूल घ्या, एक पाय हलतोय त्याचा, भिंतीला टेकून बसा म्हणजे पडायचं न्हाई. दुकानाचा मालक अकबरभाई जुम्म्याच्या नमाजाला गेलाय, अर्ध्या तासात येईल. गिटारीचा आवाज मोठा करायला स्वस्तातला अँप पाहिजे म्हणलात न्हवं? रग्गड पडलेत हितं, खोकी उचलायला माणूस न्हाई. पण वरच्या फळीवरचा तो, टॉवेल टाकलेला, त्याला आत्ता हात लावू नका. भाव बी विचारू नका. आधी त्याची गोष्ट ऐका. अशी गोष्ट तुम्हाला मोबाईलवर गावायची न्हाई, अन् ती ऐकल्याबिगर मी तुम्हाला ह्या पिंपरीतनं हलू देत न्हाई. चहा सांगितलाय.

तर धनेश म्हणून एक गडी होता. उदगीरकडचा. महाळुंग्यात एक खोली घेऊन राहायचा, तो अन् त्याची बायको विजयश्री. एका शेडमधे पत्रा ठोकायच्या पॉवर प्रेसवर कामाला, कॉन्ट्रॅक्टवर. गाडीच्या दाराला बिजागरी असती बघा, तिची पट्टी मारायची. दिवसभर धाडधाड, धाडधाड. घरी आला की तासभर कानात प्रेसच चालायचा. तो आवाज घालवायला म्हणून गड्यानं गिटार घेतली, अन् मोबाईलवर बघून बघून शिकला. चांगली वाजवायचा. अन् विजयश्रीचा गळा काय सांगू तुम्हाला! डोहाळजेवण, हळद, बारसं, दोघं नवराबायको जाऊन गाणी म्हणून यायची. नाव व्हायला लागलं होतं.

फक्त एक गोची होती. मोकळ्या जागेत गिटार ऐकू यायची न्हाई.

"अहो," विजयश्री म्हणायची, "मी गाते ते ऐकू येतं. तुम्ही मात्र लोकांना वाटतं नुसतं पोट खाजवताय."

त्यात निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्यातनं बोलावणं आलं. कुसुमताई म्हणून बाई, सुनेचं डोहाळजेवण, गच्चीवर शंभर बायका. बाईंनी रोखठोक सांगितलं, "गिटार शेवटच्या रांगेला ऐकू आली पाहिजे हो. नाहीतर मी आपला कीबोर्डवाला बघते."

म्हणून धनेश एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर सरळ हितं आला, ह्याच स्टूलवर बसला. नव्या अँपचे भाव ऐकून त्याचं तोंड एवढंसं झालं. अकबरभाईनं काळा चौकोनी डबा काढला. जुना, एका कोपऱ्याला खरचटलेला.

"हा घेऊन जा. गरिबाचा शेर आहे," अकबरभाई म्हणला.

"शेर म्हातारा दिसालाय भाई."

"म्हातारा असला तरी गुरगुरतो ना. ऐक."

अकबरभाईनं दुकानातली गिटार लावली, तारा एकदम छेडून दोन-चार कॉर्ड वाजवले. आवाज कसा, तूप वितळल्यागत. धनेशनं स्वतःची गिटार आणली न्हवती. आणली असती तर गोष्ट तिथंच संपली असती. त्यानं पैसे दिले अन् अँप मांडीवर घेऊन पीएमपीच्या बसनं महाळुंग्याला गेला.

घरी जाऊन चहा बी न पिता वायर लावली. पहिला ई मायनर वाजवला. खणखणीत आला, भिंतीवरचं कॅलेंडर थरारलं. मग सी धरला. तुम्ही वाजवता म्हणजे म्हाईत असंल, सी म्हणजे हसरा कॉर्ड. अनामिका लांब ताणून पाचव्या तारेवर रोवायची, सगळं हसू त्या एका बोटात असतं.

अँपातनं आला तो हसरा न्हवता.

विजयश्री ओट्यापाशी पोळ्या करत होती. ती वळून म्हणली, "अहो, कोण गेलं?"

"कोण जाईल? सी हाय हा."

"असा रडतोय होय सी?"

त्यानं परत वाजवला. परत तसाच. अनामिका उचलली की कसा उदास वाजतो, अगदी तसा. त्यानं बोट बघितलं. बोट तारेवरच होतं, एवढं दाबलेलं की नखाखाली पांढरं पडलेलं. गिटारीला कान लावला, तर लाकडातनं सी पुरता येत होता. अँपाला कान लावला, तर पाचवी तार मोकळी. हात म्हणतोय बोट हाय, अँप म्हणतोय न्हाई.

मग गड्यानं काय करायचं ते सगळं केलं. वायर बदलली. गिटारीच्या पोटात चिकटवलेला, आवाज पकडायचा पिकअप काढून परत चिकटवला. तारा बदलल्या. बाकीचे कॉर्ड बघितले. जी बिघडलेला, डी बिघडलेला. जिथं जिथं अनामिका लागती तिथं तिथं अँप ती खाऊन टाकायचा. करंगळी टाकून एक सूर वाढवून बघितला, तो बी गायब. पहिल्या दोन बोटांचं मात्र सगळं बरोबर. ई मायनर कधी चुकला न्हाई.

तारेत बिघाड असला तर सगळीच्या सगळी तार जाईल का न्हाई? ह्या अँपाला तार कळत न्हवती, बोट कळत होतं.

रविवारी धनेश अँप अन् गिटार दोन्ही घेऊन दुकानात हजर.

"भाई, तुमचा शेर माझी बोटं खाऊलालाय."

अकबरभाई हसला. धनेशची गिटार घेतली, तीच वायर, तोच अँप, अन् सी वाजवला. हसरा. जी, डी, सगळे ठणठणीत. "हात शिक आधी, मग अँपला नाव ठेव," म्हणला, अन् गिटार परत दिली.

धनेशनं सी वाजवला. दुकानात जसा कुणी उसासा टाकला.

अकबरभाईचं हसू गेलं. त्यानं चष्मा काढला, वाकून धनेशची बोटं बघितली. "परत." परत तसाच. "परत." तिसऱ्यांदा वाजवल्यावर अकबरभाईनं स्वतःच्या हातानं अँप बंद केला.

"पैसे परत घे तू," मग म्हणला. "हा अँप मी विकायला नको होता. एक जण होता, रोहिदास. त्यानं तीनदा रिपेरला आणला. हीच तक्रार, अँप सूर खातो. तीनदा खोलला मी, आत काही म्हणजे काही न्हाई. चौथ्यांदा आला तो विकायलाच आला. मी म्हणलं, त्याच्या कानातच खोट असंल."

"पैसे राहू द्या भाई. त्यानं शेवटी काय केलं ते विचारतो. नंबर द्या."

रोहिदास निगडीच्या बसस्टँडबाहेर गाडीवर मोबाईलची कव्हरं विकायचा. उजव्या हातानं कव्हर द्यायचा, उजव्याच हातानं पैसे घ्यायचा. डावा हात खिशात. धनेशनं अँपचं नाव काढल्याबरोबर त्यानं गिऱ्हाईकाला "उद्या या" सांगितलं.

"कामाला कुठं?" रोहिदासनं विचारलं.

"महाळुंग्यात. प्रेसवर."

"पाचर लावता?"

आता ही पाचर काय ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कोडं पडायचं न्हाई. जुन्या प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे लोखंडी ठोकळा, खाली येतो. का, तर दोन्ही हात बटणांवर असले की आत एकबी राहणार न्हाई. शहाण्या माणसानं केलेलं काम हाय ते. पण दोन हातांनी दाबायचं, मग पट्टी काढायची, मग दुसरी ठेवायची, ह्यात वेळ जातो अन् दिवसाच्या नगांचा आकडा भरत न्हाई. मग आमची हुशार माणसं डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकतात. बटण कायमचं दाबलेलं. उजव्या हातानं दुसरं बटण मारायचं अन् डाव्या हातानं आत-बाहेर, आत-बाहेर. साहेबाला म्हाईत असतं. साहेब तेवढ्यापुरता दुसरीकडं बघतो.

"सगळेच लावतात," धनेश म्हणला.

रोहिदासनं डावा हात खिशातनं काढला. अंगठा होता. मग मधे काहीच न्हवतं, अन् मग शेवटची दोन बोटं.

"माझा ई मायनर जायचा," तो म्हणला. "नुसत्या मोकळ्या तारा वाजायच्या. महिनाभर. मी अँप तीनदा खोलवला भावा. मशीनकडं एकदाबी बघितलं न्हाई." अन् मग हळूच, "तुझा कुठला जातोय?"

"सी. जी. डी."

रोहिदासनं धनेशचा डावा हात हातात घेतला. भर स्टँडवर, बसगाड्या घरघरतायत, माणसं धक्के देतायत. त्यानं धनेशची अनामिका अन् करंगळी दोन्ही हलकेच मिटवली, जसे आपण मेलेल्याचे डोळे मिटवतो.

"ही दोन," म्हणला.

धनेश त्या दिवशी बसमधे उभा राहून गेला, डावा हात उजव्या काखेत धरून. विजयश्रीला सगळं सांगितलं. तिनं हसण्यावारी नेलं न्हाई. ती एवढंच म्हणली, "उद्या ती पाचर काढा. कंपनीनं कायम न्हाई केलं तर न्हाई केलं. मी गाऊन पोट भरीन, पण तुमच्या बोटांबिगर मला सूर लागायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला त्यानं पाचर उपसली. दोन्ही हातांनी दाबायला लागला. मशीन तेच, माणूस तोच, पण आकडा धपकन खाली. दहाच्या सुमाराला सुपरवायझर दिग्विजय आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय रे धनेश, मशीनला नमस्कार घालतोयस काय दोन दोन हातांनी?"

"दोन हातांचं मशीन हाय साहेब."

"आज कळलं होय तुला? एकतीसला यादी निघतीय कायम होणाऱ्यांची. तुझं नाव वर होतं. होतं म्हणतोय मी."

धनेशनं मान खाली घातली अन् दोन्ही हातांनी बटणं दाबत राहिला. एवढं धाडस केलं गड्यानं. मी तर म्हणतो मोठं धाडस केलं.

पण चूक केली ती नंतर, अन् चूक म्हणून केलीच न्हाई. सवयीनं केली.

दुसऱ्या शिफ्टला त्याच मशीनवर ज्ञानेश यायचा. धनेशच्याच गावाकडचा, धनेशनंच कामाला चिकटवलेला. त्याला दादा म्हणायचा. आता प्रेसवाल्यांची एक रीत हाय. जाणारा माणूस येणाऱ्यासाठी मशीन पुसून ठेवतो, तंबाखूची पुडी उरली तर ठेवतो, अन् पाचर बटणांच्या पॅनेलच्या डोक्यावर ठेवतो, म्हणजे येणाऱ्याला शोधाशोध नको. न ठेवता गेला तर शिव्या खातो. माणुसकी हाय ती आमची. धनेशनं मशीन पुसलं, पुडी ठेवली. अन् खिशातली पाचर काढून पॅनेलवर ठेवली. चार वर्षं हात तेच करत होता, आज बी त्यानं केलं.

ज्ञानेश डबा हालवत आला. "काय गायक, आज तोंड का उतरलंय? वहिनीनं बेसूर म्हणलं का काय?"

धनेशला सांगायचं होतं. तोंड उघडलं बी. "ज्ञाना, आज..."

"आज काय?"

आता सांगणार काय? अँप रडतोय म्हणून पाचर लावू नको? अख्ख्या शेडनं वर्षभर टिंगल केली असती. अन् बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती. अन् खरं सांगू, त्याला वाटलं, अँप माझी बोटं सांगतोय, ज्ञानाची थोडीच.

"काय न्हाई. डबा वेळेवर खा."

घरी आला. अँपाकडं बघायची हिंमत होईना. शेवटी दिवेलागणीला विजयश्रीच म्हणली, "लावा की. बघू तरी."

त्यानं वायर लावली, सी धरला अन् डोळे मिटून हात मारला.

तसाच. रडका.

"पाचर काढलीय मी," धनेश अँपाला म्हणला, माणसाला सांगावं तसं. "काढलीय रे!"

परत मारला. रडका. विजयश्रीनं देवापाशी दिवा लावला, उदबत्ती लावली, अन् त्याच्याशेजारी येऊन बसली. तो आपला मारतोय, एकामागं एक, अन् अँप आपला म्हणतोय, न्हाई, न्हाई, न्हाई. अन् मग मधेच, कुणी काही केलं न्हाई, काही हललं न्हाई, अन् सी आला. पुरता. हसरा. पाचवी तार अशी घुमली की दिव्याची ज्योत वाकली.

"हां! आता हसला!" विजयश्रीनं टाळी वाजवली.

धनेशनं जी मारला, डी मारला. करंगळीचा सूर टाकला. सगळं जागच्या जागी. गडी अक्षरशः उठून नाचला. बायकोला म्हणला, "म्हण, काय बी म्हण," अन् तिनं तोंड उघडलं, अन् मोबाईल वाजला.

शेडमधला फोन होता. पाच मिनिटांपूर्वी, म्हणले. ज्ञानेश. डावा हात.

धनेशनं विचारलं न्हाई कुठली बोटं. फोन कानाला तसाच अन् दुसरा हात अँपावर ठेवलेला. अँप नुसता गुणगुणत होता, मांजर पोट भरल्यावर गुरगुरतं तसा.

दवाखान्यात ज्ञानेश पडला होता, हाताला हे एवढं बँडेज. अनामिका अन् करंगळी. धनेश पायाशी उभा राहिला, जवळ जायची छाती होईना. ज्ञानेशच म्हणला, औषधानं जड झालेल्या जिभेनं म्हणला, "दादा, तू जाताना काय तरी सांगणार होतास."

धनेश रातभर तिथंच पायाशी बसून राहिला राव.

दुसऱ्या दिवशी धनेश शेडमधे गेला, पाचर उचलली, सगळ्यांच्या देखत दिग्विजयच्या टेबलावर ठेवली अन् सांगितलं, आता यादीत नाव नको. नोकरी गेली ती गेली. मग अँप घेऊन दुकानात आला अन् अकबरभाईकडं हातोडा मागितला. मी होतो तेव्हा हितंच, ह्या खुर्चीवर.

अकबरभाईनं हातोडा मागं लपवला. म्हणला, "ह्यानं कुणाचं बोट घेतलं न्हाई. हा फक्त मोजतो. रोहिदासनं ऐकलं न्हाई. तू ऐकलंस, पण अर्धंच ऐकलंस. फोडलास तर पुढच्याला सांगणार कोण?"

धनेश खाली बसून रडला. तवापासून अँप त्या फळीवर. कुसुमताईंकडं डोहाळजेवणाला धनेश दुसरा अँप भाड्यानं घेऊन गेला, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं, पुढची कामं बी मिळाली. आता त्यावरच चाललंय दोघांचं. महिन्याला त्यातलं थोडं ज्ञानेशच्या घरी जातं, ते मी सांगितलं म्हणून सांगू नका. पण सी तो वाजवत न्हाई. सगळी गाणी सी सोडून बसवलीत. ऐकणाऱ्याला कळत बी न्हाई.

मागल्या दिवाळीच्या आधी तळवड्याचा एक जण आला होता, अँप घ्यायला, तुमच्यासारखाच. अकबरभाईनं त्याला हा लावून दिला. त्याचा जी रडला. आमी दोघांनी त्याला सोडला न्हाई. त्याच्या तिन्ही शिफ्टच्या माणसांना हितनं फोन लावले, एकेकाला सांगितलं. हसले, शिव्या दिल्या, पण पाचरी काढून आणल्या. जादाच्या धरून चार निघाल्या. समोरच्या चहावाल्याच्या शेगडीत जाळल्या. मग तो गडी वाजवत बसला अन् आमी त्याच्या मोबाईलकडं बघत बसलो. जी पुरता आला. फोन काय वाजला न्हाई. अकबरभाई त्या दिवशी मला मिठी मारून रडला, अन् तो कंजूष माणूस कुणाला मिठी बी फुकट देत न्हाई.

घ्या, चहा आला. प्या गरम गरम.

तुमच्या गळ्यातलं कार्ड मी मगाशीच बघितलं. कुठली कंपनी ते विचारत न्हाई. डाव्या हाताला ग्रीस हाय, नखांत, धुऊन जात न्हाई ते. मला म्हाईत हाय ते ग्रीस कुठलं असतं.

थांबा, टॉवेल मी काढतो. ही वायर. गिटार तुमचीच घ्या. अँप कुठला घ्यायचा तो मागनं बघू, स्वस्तात देतो, अकबरभाईशी मी भांडीन तुमच्यासाठी. आता फक्त सी धरा. अनामिका नीट रोवा. माझ्याकडं बघू नका.

एकदाच वाजवा.